ड्रम फिरत नाही, पाणी मात्र भरतं: कार्बन ब्रश बदलून सुटलेला प्रश्न

फ्रंट लोड, पट्ट्यावर चालणारं वॉशिंग मशीन. पाणी भरायचं, दार लॉक व्हायचं, पण ड्रम ढिम्म. कधी हाताने फिरवला की चालू व्हायचा, मग जळका वास. पट्टा तपासला, दाराचं लॉक बदललं, पैसे वाया. दोष निघाला मोटरच्या कार्बन ब्रशमध्ये, म्हणजे स्प्रिंगने दाबून मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांमध्ये. (या ब्रशवाल्या मोटरच्या बाबतीत कपॅसिटरचा संशय घेऊ नका, तो सेमी-ऑटोमॅटिकसारख्या मशीनच्या, ब्रश नसलेल्या इंडक्शन मोटरला असतो.)

प्लग काढा, नळ बंद करा. मागचं पत्र्याचं झाकण काढा, मोठी पुली फिरवत पट्टा उतरवा. वायरिंगचा फोटो काढून कनेक्टर सोडवा. मोटरचे बोल्ट काढताना खाली हात धरा, मोटर जड असते.

दोन्ही बाजूंचे ब्रश होल्डर काढा. नवा कार्बन साधारण 30 ते 35 मिमी असतो. माझ्याकडचा एक 8 मिमी उरला होता. स्प्रिंगचा दाब कमी पडला की कम्युटेटरशी (शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाशी) संपर्क तुटतो, म्हणून हाताने ढकलल्यावर चालायचं. एकच झिजला असला तरी जोडी बदला, मोटरवरचा नंबर दाखवूनच घ्या.

काळवंडलेला कम्युटेटर 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासा, कार्बनची भुकटी कोरड्या कुंचल्याने झटका. कार्बनचं तिरकं टोक जुन्याच दिशेला ठेवून होल्डर बसवा. उलटं बसलं तर आवाज आणि ठिणग्या. शाफ्ट हाताने फिरवून पाहा.

जोडणी झाल्यावर कपडे न घालता एक साधी सायकल चालवा, स्पिन कमीत कमी. सुरुवातीला बारीक ठिणग्या दिसतात, कार्बन बसला की कमी होतात. मोठ्या ठिणग्या थांबल्या नाहीत तर कम्युटेटरच्या पट्ट्या उचकटल्या असतील, मग मोटरच बदलावी लागते.