आधी कणकुंबीचं मशीन

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या 38 दूध संकलन केंद्रांवर माझं सॉफ्टवेअर चालतं. प्रत्येक ठिकाणी लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक (आमच्या भाषेत डबा), काटा, फॅट मशीन आणि पावतीचा प्रिंटर. सकाळ-संध्याकाळ रांग असते. तेव्हा पावती अडली की दारात कॅन घेऊन आलेली माणसं ताटकळतात. नवी आवृत्ती पाठवायची ती हे डोळ्यांसमोर ठेवूनच.

नवी आवृत्ती सर्व्हरनं ढकलू नये, मशीननं मागून घ्यावी. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं लाईट आणि नेट दोन्ही जातं. ढकललेली फाईल निम्म्यात तुटते. माझे डबे 11 ते 3 या वेळेत, आपापल्या वेगळ्या मिनिटाला विचारणा करतात, तुटलं तिथून पुढं उतरवून घेतात आणि डिजिटल सही, म्हणजे फाईल आमचीच आणि न बदललेली आहे याची खूण, जुळली तरच पुढं जातात.

जुन्या आवृत्तीवर नवी कधीच लिहू नका. नवी वेगळ्या फोल्डरात ठेवा, आणि कुठली चालवायची ते एका सिम्बॉलिक लिंकनं, म्हणजे त्या फोल्डराकडं बोट दाखवणाऱ्या नावानं, ठरवा. लिंक बदलताना जुनी पुसून नवी केली, तर नेमकी त्या मधल्या क्षणी लाईट जाते. म्हणून दुसऱ्या नावानं लिंक तयार करा आणि ती जुनीवर रीनेम करा. रीनेम एका झटक्यात होतं. एक तर जुनी मिळते, नाहीतर नवी. त्याआधी एफसिंक, म्हणजे फाईली खरोखर डिस्कवर लिहून घेण्याचा हुकूम, हवाच, नाहीतर डबा परत चालू झाल्यावर फाईली रिकाम्या सापडतात.

मग नवी आवृत्ती स्वतःची परीक्षा घेते: काटा वाचता येतो का, आधीच्या नोंदी उघडतात का, चाचणीची पावती निघते का. पाच मिनिटांत होकार आला नाही तर डबा आपणहून जुनी लिंक लावतो. त्यासाठी नेट लागता कामा नये.

इथं मी एकदा चुकले. डेटाबेसमधल्या फॅटच्या कॉलमचं नाव बदललं. नवी आवृत्ती पडली, जुनी परत आली, पण तिला तो कॉलमच सापडेना. केंद्राच्या सचिवांचा फोन, "पावती येईना ओ ताई." त्या संध्याकाळचं दूध वहीत लिहावं लागलं. तेव्हापासून नवा कॉलम जोडते, दोन्हींत लिहिते, आणि जुना दोन आवृत्त्यांनंतरच काढते.

पहिलं मशीन कणकुंबीचं. बेळगाव शहरातल्या टिळकवाडीत फायबरवर सगळंच चालतं, त्यावरून काही कळत नाही. कणकुंबीत दोन दिवस, म्हणजे चार वेळचं संकलन नीट झालं की आणखी पाच केंद्रं, मग उरलेली.

कोणतं केंद्र जुन्या आवृत्तीवर मागं राहिलं याची यादी रोज बघा. 2012 मध्ये अमेरिकेतल्या नाईट कॅपिटल या शेअरचे सौदे करणाऱ्या कंपनीच्या 8 सर्व्हरांपैकी एकावर नवा कोड पोचलाच नव्हता. त्यामुळं सुमारे 45 मिनिटांत 40 कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. आमच्याकडं पावतीच्या तळाशी आवृत्तीचा आकडा छापलेला असतो. नेट नसलं की सचिव फोनवर तो आकडा वाचून दाखवतात आणि मी यादीत मांडते.