पर्सनल प्रोजेक्ट: फोटो काढून झाले, आता निवडायचे आणि छापायचे कसे

पर्सनल प्रोजेक्ट करतेय म्हटलं की नवीन मंडळी हमखास विचारतात, प्रिसेट, म्हणजे फोटोचे रंग एका क्लिकमध्ये बदलणारी तयार सेटिंग, कुठला वापरतेस? त्याचं उत्तर एका ओळीत संपतं. कुठले फोटो ठेवायचे, कुठले काढायचे, उरलेले कुठल्या क्रमाने लावायचे, हे मात्र कोणी विचारत नाही आणि नेमकं तिथेच सगळे अडकतात. क्लायंटच्या कामात काय हवंय ते सांगणारं ब्रीफ असतं, डेडलाईन असते, पैसे देणारा माणूस हो-नाही सांगून मोकळा होतो. स्वतःच्या प्रोजेक्टला यातलं काहीच नाही, म्हणून फोल्डर वर्षानुवर्षं हार्ड डिस्कवर पडून राहतात.

माझा सध्याचा प्रोजेक्ट रात्रपाळीत काम करणाऱ्यांवर आहे, उदाहरणं त्यातलीच देते.

शूट करून आले की त्या दिवशी फक्त कॉपी आणि बॅकअप. दोन वेगळ्या डिस्कवर, शिवाय एक प्रत घराबाहेर किंवा क्लाऊडवर. निवड तेव्हा अजिबात नाही, कारण डोक्यात अजून त्या माणसाशी मारलेल्या गप्पा असतात, एका फ्रेमसाठी किती ताटकळलो ते असतं, आणि हे सगळं फोटोत उतरलंय असं आपण धरून चालतो. बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही हो. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड याच कारणासाठी काढलेले फिल्मचे रोल मुद्दाम वर्षभर किंवा जास्तच डेव्हलप न करता ठेवायचा, आणि १९८४ मध्ये तो गेला तेव्हा जवळपास २,५०० रोल तसेच निघाले. इतकं ताणू नका, दोन-तीन आठवडे बास.

पहिल्या चाळणीला लाईटरूममध्ये (फोटो निवडायचं-एडिट करायचं सॉफ्टवेअर) पी बटण म्हणजे पिक आणि एक्स म्हणजे रिजेक्ट, बस्स. स्टार द्यायच्या भानगडीत पडलात की तीन द्यावे का चार यात रात्र जाते आणि शेवटी सगळ्यांना तीनच मिळतात. रिजेक्ट केलेले डिलीट मात्र करू नका. पुढे क्रम लावताना दोन जोरदार फोटोंच्या मध्ये एखादा साधा, गप्प बसलेला फोटो लागतो आणि तो बहुतेक वेळा रिजेक्टमध्येच सापडतो.

मग प्रिंट काढा. चार बाय सहाचे, स्वस्तातले, रंगाची फिकीर न करता. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो नीट दिसतो, जमिनीवर पसरले की कुठली गोष्ट आपण पाच वेळा सांगतोय आणि कुठली सांगितलीच नाही ते लगेच कळतं. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने अमेरिकाभर फिरून २७,००० च्या वर फ्रेम काढल्या, त्यातल्या साधारण हजार फोटोंचे वर्क प्रिंट, म्हणजे निवडीपुरते कच्चे प्रिंट केले, भिंतीवर-जमिनीवर लावून हलवत बसला आणि १९५८ मध्ये पॅरिसहून पुस्तक निघालं त्यात फोटो ८३. हे गणित मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

क्रम लावणं म्हणजे शेजार ठरवणं. माझ्याकडे एका वॉचमनच्या टॉर्चचा भिंतीवर पडलेला गोल आहे, आणि एका गोदामातल्या वजनकाट्याची गोल तबकडी. समोरासमोरच्या पानांवर ठेवल्यावर पहिल्यांदा भारी वाटलं. पण बघणारे गोलाकडेच बघायला लागले, अरे वा गोल-गोल, आणि तबकडीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा झोपेने जड झालेला चेहरा कुणाला दिसेचना. आता दोघांच्या मध्ये चार पानं आहेत. टॉर्च आधी येतो, तबकडी नंतर, आणि गोल मनात कुठेतरी राहतो पण चेहऱ्याच्या आड येत नाही. असली आकारांची यमकं जपून वापरा, एका प्रोजेक्टमध्ये एखादं पुरे.

आणि हो, सगळ्यात जास्त लाईक मिळालेला फोटो प्रोजेक्टमध्ये बसेलच असं नाही. त्याच वॉचमनचा खळखळून हसतानाचा फोटो सगळ्यांना आवडतो, मलाही, पण तो आला की बाकीची रात्र खोटी वाटायला लागते. प्रोजेक्टमधून गाळला.

कोणाला दाखवायचं तर 'कसा वाटला' विचारू नका, लोक छानच म्हणतात. दुसऱ्या दिवशी फोन करून कुठले फोटो आठवतायत ते विचारा.

एडिटिंगच्या स्लायडरना हात आत्ता कुठे. सगळे निवडलेले फोटो शेजारी ठेवूनच टोनिंग, म्हणजे रंग-उजेडाची जुळवणी करा, एकेक वेगळा उघडून केलात तर प्रत्येक सुंदर आणि एकत्र लावले की वरातीतला बँड. रात्रीच्या कामात सोडियम दिव्याचा पिवळा आणि एलईडीचा पांढरा एकाच फ्रेममध्ये येतो, मी तो पिवळा पूर्ण मारत नाही, फक्त त्वचेचा रंग एका फोटोतून दुसऱ्यात उडी मारणार नाही एवढं बघते.

छापायचं असेल तर स्क्रीनचा ब्राइटनेस आधी खाली आणा, साधारण १०० ते १२० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक), नाहीतर प्रिंट अंधारे येणार आणि आपण प्रेसवाल्याच्या नावाने ओरडणार. अनकोटेड, म्हणजे वर चकचकीत थर नसलेला कागद हातात मस्त लागतो पण शाई पितो, काळा तितका गाढ येत नाही, शॅडोमधला तपशील बुजतो, तेव्हा प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत त्याच कागदावर मागा. झाईनला, म्हणजे स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिकेला मधोमध स्टेपल मारणार असाल तर पानं चारच्या पटीत लागतात, २४, २८, ३२, त्यामुळे फोटो किती हे थोडं स्टेपलच ठरवतो. चिकटवलेल्या बाइंडिंगमध्ये मधला भाग पानांच्या जोडात गिळला जातो, दोन पानांवर पसरलेल्या फोटोत चेहरा बरोबर मध्ये येऊ देऊ नका. घरच्या प्रिंटरवर साधा डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची प्रत काढून पानं उलटलीत की हे सगळं फुकटात कळतं.

ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांना डमी दाखवूनच परवानगी घ्या, शेजारी कुठला फोटो आणि खाली काय मजकूर आहे तेही त्यांना दिसू द्या. एकाने माझ्याकडून कॅप्शनमधलं कंपनीचं नाव काढून घेतलं, नोकरीचा प्रश्न होता. पहिल्या खेपेला डिजिटल प्रेसवर थोड्याच प्रती काढा, ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई, मोठ्या संख्येलाच परवडते, आणि थोड्या प्रती असल्या की कोणी असं काही सांगितलं तर पुढच्या खेपेला तेवढं पान बदलता येतं.