कुंपण किंवा रिटेनिंग वॉल बांधायचीय? मग आधी हे बघा

कुंपण काय आणि रिटेनिंग वॉल काय, लांबून दोन्ही सारखंच दिसतं, पण कुंपण नुसतं हद्द दाखवतं आणि रिटेनिंग वॉलच्या पाठीवर माती रेलून बसलेली असते, म्हणून नियमही वेगवेगळे.

१) सगळ्यात आधी हद्द. जुनं कुंपण आहे तीच हद्द असं धरून चालू नका, ते कुणी कधी अंदाजाने घातलं असेल देव जाणे. मोजणी करून घ्या, खुणा शेजाऱ्यांच्या समोर रोवा आणि लगेच फोटो काढा. भिंत सामाईक असेल तर खर्च कुणाचा, दुरुस्ती कुणी करायची हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, खांब रोवल्यावर बोलायला गेलात तर ते बोलणं राहत नाही, भांडण होतं. आणि हो, भिंत एकट्याची असेल तर नुसती भिंत नाही, पायासुद्धा आपल्याच हद्दीत बसला पाहिजे.

२) मग स्थानिक बांधकाम खात्यात चौकशी. कुंपणाला साधारणपणे रस्त्याच्या बाजूला उंची कमी चालते, मागे जास्त, आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला वळणारा गाडीवाला समोरचं बघू शकला पाहिजे म्हणून अजून कमी. जमिनीखालून पाइप-केबल कुठून गेल्यात तेही तिथेच विचारा. सोसायटी असेल तर तिचे नियम परत वेगळे.

रिटेनिंग वॉल साधारण १.२ मीटरच्या, म्हणजे ४ फुटांच्या वर गेली की बऱ्याच ठिकाणी परवानगी आणि इंजिनियरचं डिझाइन दोन्ही लागतं. गोम अशी की ही उंची पुष्कळदा पायाच्या तळापासून मोजतात, म्हणजे वर ३ फूटच दिसणारी भिंतसुद्धा त्यात येऊ शकते. एवढी कटकट कशाला असं वाटेल, पण भिंतीची उंची दुप्पट केली की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवायचा जोर आठपट, त्यामुळे "अजून दोन विटा चढव रे" हे गवंड्याला सहज सांगायचं वाक्य नाही.

३) बांधताना खरा शत्रू पाणी. भिंतीमागे फूटभर रुंदीचा खडीचा थर भरा, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), तळाला भोकं असलेला पाइप उतार देऊन, आणि भिंतीत वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोकं. हे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडायचं नाही, बहुतेक ठिकाणी त्यावरही नियम असतो.

४) देखभाल. मी स्वतः केलेला शहाणपणा सांगतो. वीप होलमधून तपकिरी ओघळ येऊन रंग खराब व्हायचा, म्हणून रंगाच्या आधी सगळी भोकं सिमेंटने लिंपून टाकली. पुढच्या मोठ्या पावसात भिंतीला मधोमध पोट आलं आणि आडवी चीर पडली, बोट जाईल एवढी! भोकं परत पाडली तेव्हा पाण्याची धार चार हात लांब उडाली. आता पावसाच्या आधी सगळ्या भोकांत सळई घालून गाळ काढतो, भिंतीलगत उगवलेली रोपटी उपटतो, आणि वरून ओळंबा सोडून खालचं अंतर मोजून भिंतीवरच खडूने नाही, पेंटने तारखेसकट लिहून ठेवतो. गेल्या वेळेपेक्षा आकडा वाढलेला दिसला की प्लास्टर मारून चीर झाकत बसू नका, इंजिनियरला बोलवा आणि तोपर्यंत भिंतीमागच्या उंच जमिनीवर गाडी लावू नका.