काकडीत बियाण्यातून येणारा विषाणू कसा रोखावा

काकडीच्या कोवळ्या पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे उमटले, पान फोडासारखे उंचसखल झाले की सहसा मावा मारण्यासाठी फवारणी सुरू होते. काकडी मोझॅक विषाणूच्या बाबतीत ती समजण्यासारखी आहे, कारण तो प्रामुख्याने माव्यामार्फत पसरतो. मात्र १९३५ साली प्रथम वर्णन झालेला हिरव्या चट्ट्यांचा मोझॅक विषाणू, म्हणजे सीजीएमएमव्ही, बियाण्यासोबत येतो आणि पुढे हात, कात्री व वेल बांधायची सुतळी यांवरून पसरतो. लागण झालेला वेल कोणत्याही औषधाने बरा होत नाही; त्यामुळे खरे काम पेरणीच्या आधीचे आहे.

या विषाणूसाठी तपासलेले बियाणे घ्यावे आणि पिशवीवरचा लॉट क्रमांक जपून ठेवावा. रोगट प्लॉटमधले बी, फळ वरून कितीही चांगले दिसले तरी, धरू नये. घरचे बी वापरायचेच असेल तर लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम ट्रायसोडियम फॉस्फेट विरघळवून, हातमोजे घालून, बी त्यात १५ ते ३० मिनिटे बुडवावे आणि वाहत्या पाण्यात धुऊन सुकवावे. याने टरफलावरचा विषाणू जातो, आतला राहू शकतो. आतल्यासाठी सुमारे ७२ अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता ७२ तास देतात. पण बी आधी नीट वाळलेले नसेल तर उगवणच मारली जाते, म्हणून हा प्रयोग स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये करू नये.

रोपवाटिकेत रोज नवे पान उजेडासमोर धरून पाहावे. शिरा पारदर्शक दिसू लागणे ही बहुधा पहिली खूण असते. शंका आल्यास चाचणी पट्टी वापरावी: पानाचा तुकडा पिशवीतल्या द्रावणात चुरडून पट्टी बुडवली की दोन रेषा म्हणजे लागण. एकच रेषा (पट्टी नीट चालल्याचे दाखवणारी नियंत्रण रेषा) आली तरी निर्धास्त होऊ नये, कारण सुरुवातीला विषाणूचे प्रमाण कमी असते. रोगट रोप व त्याच्या शेजारची रोपे जागेवरच पिशवीत भरून बाहेर न्यावीत. हातात लोंबकळत नेलेले रोप वाटेतल्या रोपांना घासते.

शेंडे खुडताना निरोगी ओळीपासून सुरुवात करून संशयित ओळ शेवटी घ्यावी. हात आणि कात्री, लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम स्निग्धांशरहित दूध पावडर कालवून, वेलागणिक बुडवावी. हे कंटाळवाणे आहे आणि दुसऱ्याच दिवशी टाळले जाते, त्यामुळे त्यावर एका माणसाने लक्ष ठेवलेले बरे.

पीक संपल्यावर वेल मुळांसकट काढावेत. हा विषाणू मातीतल्या अवशेषांत दीर्घकाळ टिकतो, म्हणून त्या जागी लगेच काकडी, कलिंगड, खरबूज किंवा दुधी भोपळा घेऊ नये.