ओव्हरसाइज आणि ओव्हरलोड ट्रकचा विशेष परवाना: या चुका टाळा

"परवाना काढलाय, फी भरली आहे, तरी गाडी अडवली." नेहमीच्या मर्यादेपेक्षा मोठा किंवा जड माल नेण्यासाठी लागणाऱ्या विशेष परवान्यांच्या कामात असलेल्या प्रत्येकाला हा फोन कधी ना कधी येतोच. मला आला की मी आधी एकच विचारतो: परवान्यावर उंची किती लिहिली आहे, आणि आत्ता टेप लावली तर किती भरते? बऱ्याचदा पलीकडे थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

विशेष परवाना ट्रकला मिळत नाही, फेरीला मिळतो. अमुक भार, अमुक पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी), अमुक ट्रेलर, ठरलेला रस्ता, ठरलेले तास. यातलं एक जरी बदललं तरी हातातला कागद त्या फेरीचा राहत नाही. काही ठिकाणी वर्षभराचा परवाना मिळतो, पण त्यावरही मापांची कमाल मर्यादा आणि रस्त्यांची यादी असतेच. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या इथूनच सुरू होतात: कागदावर एक, ट्रेलरवर दुसरंच.

उंची ड्रॉइंगवरून लिहिणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ट्रान्सफॉर्मरची टाकी न्यायची होती. ड्रॉइंगवर उंची ३.६२ मीटर, ट्रेलरची डेक (माल ठेवायची फळी) जमिनीपासून ०.९५ मीटर. बेरीज ४.५७, तेवढीच अर्जात भरली आणि परवाना आला. माल चढला तेव्हा टाकीखाली १२ सेंटीमीटरचे लाकडी गुटके टाकले होते, आणि झाकणावरचे उचलण्याचे कान ड्रॉइंगच्या मापात धरलेलेच नव्हते, ते आणखी ६ सेंटीमीटर. निघण्याआधी चालकाने सवयीने टेप लावली आणि मला हाक मारली: ४.७५. रस्त्यात एका पुलाखाली ४.७० मीटरच जागा होती. त्या चालकाची सवय नसती तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो. गाडी आवारात उभी ठेवली, नव्या मापाने नव्या रस्त्याचा अर्ज केला, तो मंजूर होईपर्यंत दोन दिवस गेले.

म्हणून माप घ्यायचं ते माल चढवून, चेन-पट्टे आवळून, सपाट जमिनीवर. हवेचं सस्पेन्शन असेल तर गाडी चालताना ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर आणून. भाराच्या सर्वात उंच बिंदूवर सरळ पट्टी आडवी धरा, तिच्यावर पाणपातळी ठेवा आणि पट्टीच्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत टेप सोडा. एकट्याने हे नीट होत नाही, दोघं लागतात. पुढे, मध्ये, मागे असं तीन ठिकाणी मोजा. पोकलेन नेताना बऱ्याचदा बूमचा (खोदणाऱ्या लांब हाताचा) सांधा सर्वात उंच असतो, केबिन नव्हे. नजर मात्र केबिनवरच जाते.

रुंदीतही हेच होतं. यंत्र ३.२० मीटरचं, पण बाजूला निघालेलं चेनचं हुक, रॅचेटचा दांडा, ताडपत्रीची फुगलेली घडी हे सगळं रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीसाठी रुंदीच असतं. परवान्यात ते धरायचं की नाही याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, पण रूट तपासताना ते धरायलाच हवं.

पुलाची पाटी वाचून निर्धास्त होणं

पाटीवरचा आकडा लिहिला त्या दिवशी खरा असतो. नंतर रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की पुलाखालची जागा तेवढी कमी होते, पाटी मात्र तशीच राहते. शिवाय कमानीच्या किंवा लोखंडी सांगाड्याच्या पुलात मधल्या लेनवर जास्त जागा असते आणि कडेच्या लेनवर कमी.

२३ मे २०१३ रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात नेमकं हेच घडलं. आय-५ महामार्गावर स्कॅजिट नदीवरचा १९५५ साली बांधलेला लोखंडी पूल. एका ओव्हरसाइज ट्रकचा भार पुलाच्या वरच्या आडव्या कैच्यांना एकामागून एक धडकत गेला. ट्रक पार झाला, पण त्याच्या मागे पुलाचा एक अख्खा गाळा नदीत कोसळला. दोन गाड्या पाण्यात पडल्या, तीन माणसं सुदैवाने वाचली. परवाना होता. ट्रकच्या पुढे चालणारी, उंचीची काठी लावलेली पायलट गाडीही होती. तपासात जे निघालं ते या धंद्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे: भार परवान्यावरच्या मापापेक्षा सुमारे ५ सेंटीमीटर उंच होता, ट्रक उजव्या लेनमध्ये होता जिथे सांगाडा खाली उतरतो, डाव्या लेनमधून तो निघू शकला असता, आणि पायलट गाडीचा चालक त्या वेळी फोनवर बोलत होता. पुलाची उंची तपासून घेणं ही वाहतूकदाराचीच जबाबदारी होती.

त्यामुळे रूट सर्व्हेमध्ये (रस्त्याच्या आगाऊ पाहणीत) नुसतं 'पूल: ५ मीटर' असं लिहू नका. कोणत्या लेनमध्ये किती जागा, गाडीने कुठून जायचं, तिथे बाकीची वाहतूक थोपवावी लागेल का, हे लिहा आणि तो कागद चालकाच्या हातात द्या. पायलटच्या काठीची उंची भारापेक्षा काही सेंटीमीटर जास्त ठेवा. आणि पायलट इतका पुढे असू द्या की काठी कुठे लागली तर मागच्या गाडीला ब्रेक लावून थांबायला अंतर मिळेल. अगदी समोर चालणारा पायलट इशारा देतो तेव्हा वेळ गेलेली असते.

एकूण वजन बरोबर, एक्सलचं वजन चूक

काटा पावतीवर एकूण वजन मर्यादेत आहे म्हणून सगळं ठीक आहे असं समजणारे खूप भेटतात. रस्त्याला एकूण वजन कळत नाही, त्याला कळतो तो प्रत्येक एक्सलखाली (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली) येणारा भार. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ढोबळ नियम आजही वापरतात: रस्त्याचं नुकसान एक्सलच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे एका एक्सलवर २० टक्के जास्त भार आला तर नुकसान दुपटीहून थोडं जास्तच होतं, आणि भार दुप्पट झाला तर सोळा पट. परवाना देणारा अभियंता एकेका एक्सलवर का अडून बसतो ते यावरून कळेल.

पुलाचं गणित आणखी वेगळं. तिथे एक्सल किती अंतरावर पसरलेत याला महत्त्व आहे. तेवढंच वजन आखूड गाडीवर असलं की पुलाच्या एकाच गाळ्यावर सगळं एकवटतं, लांब पसरलं की वाटलं जातं. म्हणून अर्जात एक्सलमधली अंतरं विचारतात, आणि म्हणूनच ती अंदाजाने भरून चालत नाहीत. अंतर मोजायचं ते एका एक्सलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. दोन टायरांमधली मोकळी फट मोजून भरलेले अर्ज मी पाहिले आहेत, ते परत येतातच.

आता भार सरकवण्याचं उदाहरण. किंगपिनपासून (ट्रेलर पुलरला जोडणाऱ्या खुंटीपासून) मागच्या एक्सल-गटाच्या मध्यापर्यंत ९ मीटर आहेत आणि भार २७ टन. भाराचा गुरुत्वमध्य किंगपिनपासून बरोबर ४.५ मीटरवर असेल तर पुढे १३.५ टन आणि मागे १३.५ टन. तोच भार नुसता अर्धा मीटर मागे ठेवला तर मागे १५ टन आणि पुढे १२. एकूण वजन एका किलोनेही बदललं नाही, पण मागचा गट दीड टनाने वाढला. मागचा गट मर्यादेबाहेर जात असेल तर आधी भार पुढे सरकवून बघा, नाहीतर जास्त एक्सलचा ट्रेलर घ्या. आणि यंत्राचा गुरुत्वमध्य त्याच्या लांबीच्या मध्यावर असतो असं धरू नका. एका टोकाला इंजिन किंवा काउंटरवेट असलं की तो त्या बाजूला जातो.

वजन करताना प्रत्येक एक्सल-गट वेगळा काट्यावर घ्या आणि बेरीज एकूण वजनाशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर बहुतेकदा काट्याच्या आजूबाजूची जमीन उतरती असते, किंवा चालकाने ब्रेक दाबून धरलेला असतो. डिझेलची टाकी भरलेली असताना, माणसं बसलेली असताना, चेन आणि गुटके चढलेले असताना वजन करा. हे सगळंही रस्त्यावरून जाणारच आहे.

सुटा होणारा माल सुटा न करणं

जास्त वजनाचा परवाना साधारणपणे अशाच भाराला मिळतो जो तोडता किंवा सुटा करता येत नाही. दोन यंत्रं एका ट्रेलरवर ठेवली आणि वजन वाढलं, तर एक उतरवा हेच उत्तर येणार. अमेरिकेच्या नियमात याला आकडाच दिला आहे: योग्य अवजारं वापरूनही सुटं करायला आठ मनुष्य-तासांपेक्षा जास्त लागत असतील तर तो भार न सुटणारा. इतरत्र शब्द वेगळे, पण प्रश्न हाच. अर्जासोबत बकेट, काउंटरवेट, पाती का काढता येत नाहीत हे दोन ओळींत लिहा. काढता येत असतील तर काढाच.

खालचा भाग विसरणं

सगळ्यांची नजर वर असते. लो-बेड (जमिनीलगत डेक असलेला) ट्रेलर रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर पोटाशी टेकून अडकतो, हे लक्षात येतं तेव्हा गाडी रुळांवर असते. आणि टेकली नाही तरी सावकाश जाणारी लांब गाडी रुळ ओलांडायला किती वेळ घेते हे मोजायला हवं. ४५ मीटर लांबीची गाडी ताशी ३ किलोमीटरने चालली तर एका जागेवरून पूर्ण पुढे सरकायला ५४ सेकंद लागतात.

६ जानेवारी १९६८ रोजी इंग्लंडमध्ये हिक्सनला १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर नेणारी अशीच गाडी स्वयंचलित फाटकावर होती. इशारा सुरू झाल्यापासून रेल्वेगाडी येईपर्यंत जेमतेम २४ सेकंद मिळत होते. एक्सप्रेस त्या ट्रान्सफॉर्मरच्या गाडीवर आदळली, ११ माणसं गेली. सोबत पोलिसांचा एस्कॉर्ट होता. फाटकावर फोन होता, तिथून सिग्नलवाल्याला आधी विचारायचं होतं, ते कुणीच विचारलं नाही. तेव्हा रूटवर फाटक असेल तर रेल्वेची परवानगी आणि वेळ आधी लेखी घ्या, आणि फाटकापाशी थांबून पुन्हा विचारल्याशिवाय पुढचं चाक रुळाजवळ नेऊ नका. एस्कॉर्ट आहे म्हणून हे कुणीतरी दुसऱ्याने केलं असेल असं धरू नका.

अर्ज परत येण्याची किरकोळ कारणं

एक्सलच्या वजनांची बेरीज एकूण वजनाशी जुळत नाही. फूट आणि मीटरची सरमिसळ झालेली असते. भाराच्या वर्णनात नुसतं 'मशीन' लिहिलेलं असतं. कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहा. विमा फेरीच्या मधल्याच दिवशी संपतो, किंवा विमा एका नावावर आणि अर्ज दुसऱ्या नावावर असतो. हे दहा मिनिटांत तपासून होतं आणि दोन-तीन दिवस वाचतात.

शेवटचे दोन किलोमीटर

महामार्गाचा परवाना महामार्गापुरता असतो. तिथून प्रकल्पाच्या गेटपर्यंतचा रस्ता बहुधा दुसऱ्याच कार्यालयाच्या हाती असतो, आणि तिथला छोटा पूल, विजेच्या तारा, अरुंद वळण हे महामार्गापेक्षा जास्त अवघड असतं. हद्द बदलते तिथे परवाना कोणाचा, हे नकाशावर रंगाने आखून ठेवा. वाटेत डिझेलसाठी, जेवणासाठी परवान्याबाहेरच्या रस्त्यावर वळणं हेही उल्लंघनच आहे. थांबे आधीच ठरवा आणि त्याच रस्त्यावरचे ठरवा.

वेळेचंही तसंच. बहुतेक परवाने मोठ्या भाराला अंधारात, धुक्यात, गर्दीच्या तासांत किंवा सुट्टीच्या दिवशी चालू देत नाहीत. काही शहरांत उलट फक्त रात्रीच सोडतात. मुदत ठरवताना एक-दोन दिवस राखीव ठेवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी चाळीस किलोमीटर उरले की चालकावर वेग वाढवायचा दबाव येतो, आणि तो दबाव अर्ज भरणाऱ्यानेच निर्माण केलेला असतो.

वाटेत काही बिघडलं तर

पुलर बंद पडला आणि दुसरा मागवला, तर त्याचा नंबर परवान्यावर नसतो. एक्सलची अंतरंही वेगळी असू शकतात, म्हणजे पुलाचं गणितही बदलतं. जोडण्याआधी परवाना कार्यालयाला कळवून दुरुस्ती मागा. रस्ता अचानक बंद निघाला तर पोलिसाने दाखवलेल्या वळणानेही जाण्याआधी त्याला उंची आणि वजन सांगा. त्याने दाखवलेला रस्ता सगळ्या गाड्यांसाठी असतो, तुमच्या भारासाठी तपासलेला नसतो. कुठेही मोठी गाडी मागे घ्यायची वेळ आली तर मागे माणूस उभा केल्याशिवाय घेऊ नका.

तपासणीत माप जास्त निघालं तर वाद घालण्याआधी स्वतः पुन्हा मोजा, तपासणाऱ्यासमोरच. कधी एका बाजूच्या सस्पेन्शनच्या पिशवीत हवा जास्त भरलेली असते आणि ती सोडली की तीन-चार सेंटीमीटर उतरतात. कधी गुटके बदलून काम होतं. वजन एका एक्सलवर जास्त असेल तर भार सरकवून पुन्हा काट्यावर घ्यायची परवानगी मागा. आणि माप खरंच परवान्याबाहेर असेल तर गाडी सुरक्षित जागी बाजूला लावा, चाकांखाली ठोकळे लावा, दिवे चालू ठेवा, आणि नवीन मापाचा अर्ज तिथूनच पाठवा. नवा कागद येईपर्यंत चावी चालकाकडून काढून घ्या.