पहिली होम व्हिजिट आहे? वही बॅगेतच राहू द्या

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाचं फिल्डवर्क सुरू झालं की सगळ्यांचा एकच प्रश्न, घरात गेल्यावर बोलायचं काय. मी म्हणेन कमी बोला, आणि वही तर काढूच नका. पलूस, वाळवा, मिरज भागात नदीकाठच्या गावांनी २०१९ च्या महापुरानंतर एवढे पंचनामे आणि याद्या बघितल्यात की पेन दिसलं की बाई आधारकार्ड आणायला उठते आणि विचारते, पैसे कधी जमा होणार. म्हणून आधीच सांगा, मावशी मी कॉलेजातून आलेय, सरकारी नाही, पैसे मंजूर करणं माझ्या हातात नाही, पण कुठं जायचं ते आपण मिळून बघू.

सासूबाई दारात बसलेल्या असतील तर पहिल्या दिवशी त्यांच्याशीच बोला, चहा घ्या. त्यांच्यादेखत सुनेला नवऱ्याच्या दारूबद्दल विचारलंत तर तुम्ही गेल्यावर त्रास तिलाच होणार, हे कायम डोक्यात ठेवा. पुढची भेट अंगणवाडीत ठरवा.

मग ती एकटी भेटली आणि म्हणाली, ऊसबिल जमा झालं की हे दोन दिवस घरीच येत नाहीत. इथं "अरेरे" म्हणणं ही नुसती दया झाली, "सोडून द्या त्याला" हा सल्ला झाला. "म्हणजे घर सगळं तुमच्या एकटीवर पडतं" एवढं म्हणा आणि गप्प बसा. ती शांतता खूप जड जाते पण भरून काढू नका, पुढचं खरं बोलणं बहुतेक वेळा तिथूनच निघतं.

समाजकार्याचे अभ्यासक बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीसोबतच्या कामाची, सात तत्त्वं आपण परीक्षेला पाठ करतो, पण फिल्डवर सगळ्यात अवघड जातो तो क्लायंटचा स्वनिर्णय. मारहाण होतेय आणि ती म्हणते मला तक्रार करायची नाही. जीव तुटतो अशा वेळी. तरी ढकलू नका, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर, सगळं नीट सांगा, निर्णय तिचा.

आणि "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द कधीच देऊ नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि कुणी जीव द्यायची भाषा केली तर तिला एकटं न सोडता तिथूनच सुपरवायझरला फोन लावायचा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तर मोबाईलमध्ये सेव्ह असलाच पाहिजे. ही मर्यादा तिला सुरुवातीलाच सांगा, मन मोकळं करून झाल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक.

रेकॉर्ड त्याच दिवशी लिहा, तिच्या शब्दांत. "डिप्रेशनमध्ये आहे" हे ठरवणारे आपण नाही, "तीन आठवडे झोप नाही म्हणाल्या" असं लिहा. नाव पूर्ण नको, आणि एसटीत बसून तर अजिबात लिहू नका, शेजारच्या सीटवर तिच्याच गावचं कुणीतरी असतं.