घरात जिम उभारताना या चुका टाळा: आधी मोजपट्टी, मग खरेदी

माझ्या भाच्याने डोंबिवलीच्या घरी व्यायामाचं सामान आणलं. रॉड एका दुकानातला, प्लेटा दुसऱ्या दुकानातल्या. रॉड 28 मिलिमीटर जाडीचा आणि प्लेटांची भोकं 50 मिलिमीटरची. प्लेट रॉडवर चढायची, पण ढिल्या बांगडीसारखी लोंबायची. लॉक लावूनही दर दोन-तीनदा उचलल्यावर एका बाजूला कलायची. दोन्ही वस्तू चांगल्या होत्या, पण एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांचं सामान लावून द्यायला गेलो. निकृष्ट वस्तूंपेक्षा न जुळणाऱ्या वस्तूंवर जास्त पैसे वाया गेलेले दिसले. कुठे प्लेट रॉडशी जुळत नाही, कुठे मशीन सॉकेटशी, कुठे बार चौकटीशी.

म्हणून रॉडपासूनच सुरू करतो. घरगुती सेटमधले रॉड साधारण 25 ते 30 मिलिमीटरचे असतात. ऑलिंपिक, म्हणजे स्पर्धेतल्या मापाचा रॉड धरायला 28 मिलिमीटर, पण प्लेटा चढतात त्या टोकांना 50 मिलिमीटर. त्यामुळे रॉड कुठलाही घ्या, घेताना प्लेट प्रत्यक्ष चढवून बघा. लांबीही बघा. पुरुषांचा ऑलिंपिक रॉड 2.2 मीटरचा, म्हणजे सात फुटांहून लांब. दहा बाय दहाच्या खोलीत तो मधोमध धरला तर दोन्ही बाजूंना दीड फूटही उरत नाही. त्यात एक कपाट असलं की प्लेट चढवायला उभं राहायलाच जागा नाही. अशा खोलीत चार-पाच फुटी रॉड आणि डंबेल हेच बरं.

पीव्हीसी प्लेटांच्या आत सिमेंट किंवा वाळूसारखा भराव असतो. त्या स्वस्त असतात आणि सुरुवातीला चालतात. मात्र त्याच वजनाच्या लोखंडी प्लेटेपेक्षा खूप जाड असल्याने रॉडवर जागा लवकर संपते. शिवाय एकदा आपटून शिवण उकलली की भराव गळायला लागतो आणि वजन कमी होत जातं. प्लेटेवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही बाजूंच्या प्लेटा एकदा तोलून घ्या. उजवी-डावीकडे अर्ध्या-पाऊण किलोचा फरक निघाला तर जोड्या बदला, नाहीतर खांदा रोज एकाच बाजूने जास्त राबतो. फिरकीच्या नटाचे डंबेल असतील तर प्रत्येक सेटनंतर नट आवळा. नटातला रबरी वायसर झिजला की तो हळूहळू सुटतो आणि ते हातालाही कळत नाही.

आता ट्रेडमिल. बहुतेक घरांत पहिली खरेदी हीच होते आणि बहुतेकांसाठी ती चुकीची असते, असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण असं: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम गतीची हालचाल आणि शिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. यातला पहिला भाग मैदानावर, जिन्यावर किंवा स्टेशनपर्यंत चालत जाऊन फुकट होतो. दुसरा भाग आपल्याकडे राहून जातो, विशेषतः बायकांचा आणि साठीच्या पुढच्यांचा. घरात पहिला पैसा वजनांवर, रबरी बँडवर आणि एका भक्कम बेंचवर घाला. कोकणपट्टीतला चार महिन्यांचा पाऊस, फुटपाथ नसलेला रस्ता, रात्रपाळी अशी कारणं असतील तर ट्रेडमिल जरूर घ्या. फक्त पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

जाहिरातीतला मोठा एचपी बहुतेकदा पीकचा, म्हणजे क्षणभराचा असतो. मोटार सतत किती एचपी देते, ते विचारा. चालण्यासाठी दीड-दोन पुरतो, धावणाऱ्याला त्याहून जास्त लागतो. पट्ट्याची लांबी बघा. 110-120 सेंटीमीटरच्या पट्ट्यावर उंच माणसाला मोकळी टांग टाकून धावता येत नाही. तो पाय आखडून धावतो आणि मग गुडघे, पोटऱ्या दुखल्याची तक्रार करतो. मशीनच्या मागे सहा फूट जागा रिकामी हवी. भिंतीला पाठ लावून ठेवलेल्या ट्रेडमिलवर तोल गेला तर माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यामध्ये अडकतो. माळ्याखालीही ठेवू नका. मशीनवर ज्या पाट्यावर उभं राहतो त्याची उंची सहा-आठ इंच धरली की डोकं माळ्याला टेकायला आलंच.

विजेचं तर आधीच बघा. दोन एचपी म्हणजे जवळपास 1,500 वॅट, म्हणजे साडेसहा अँपियर. सुरू होताना आणि धावताना क्षणभर त्याहून जास्त. सहा अँपियरच्या सॉकेटला किंवा लांब एक्स्टेंशन बोर्डला ती जोडली की वायर तापते, एमसीबी पडतो आणि दोष मशीनला दिला जातो. स्वतंत्र 16 अँपियरचा पॉइंट आणि चांगली अर्थिंग हवी. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मशीन बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पट्टा एका बाजूला सरकतोय? मागच्या रोलरला दोन बोल्ट असतात. मशीन अगदी हळू चालवा. पट्टा उजवीकडे गेला असेल तर उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा आणि एक-दोन मिनिटं थांबून बघा. एकदम पूर्ण फेरा फिरवणारे लोक पट्टा दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतात. पाऊल टाकल्यावर पट्टा क्षणभर अडखळत असेल तर दोन्ही बोल्ट सारखेच, पाव-पाव फेरा आवळा. पट्टा घासून आवाज करत असेल किंवा मोटार तापत असेल तर पट्ट्याखाली सिलिकॉन तेल हवंय. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल तिथे अजिबात घालू नका. त्यावर धूळ चिकटून राळ होते आणि पट्टा खराब होतो.

जमीन, भिंत आणि छत यांचाही विचार करा. राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधतात, त्यामुळे 80 किलोच्या प्लेटा ठेवल्याने काही होत नाही. होतं ते आपटण्याने. विट्रिफाइड लादी टकटक करून बघा. पोकळ वाजली तर डंबेल पडल्यावर तिथेच तडा जाणार. योगा मॅट यावर उपाय नाही आणि फोमचे जोडतुकडेही नाहीत. फोमवर बैठका मारताना पाय रुततात, घोटे डगमगतात. दहा ते वीस मिलिमीटरची टणक रबरी लादी घ्या. खालच्या मजल्यावर कोणी आजारी किंवा लहान बाळ असेल तर दोरीउड्या गच्चीवर मारा, एवढं तरी आपण शेजाऱ्यांचं देणं लागतो.

भिंतीवर पुल-अप बार लावणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या असतात, गवंडी त्याला सिपोरेक्स म्हणतात. त्यात साधा फास्टनर, म्हणजे भिंतीत बसवायचा बोल्ट, सुरुवातीला घट्ट वाटतो. पण सत्तर किलोचा माणूस रोज लोंबला की भोक रुंदावत जातं आणि एक दिवस बार हातासकट खाली येतो. ड्रिलमधून राखाडी-पांढरी मऊ भुकटी सहज बाहेर पडली तर तिथे बार लावू नका. काँक्रीटच्या बीमबद्दल सोसायटीला आणि जाणत्या कंत्राटदाराला विचारा. दाराच्या चौकटीत अडकवायचा बार घेणार असाल तर चौकटीला भिंतीबाहेर आलेली कड आहे का ते बघा. आपल्याकडे संगमरवरी किंवा भिंतीशी सपाट चौकटी असतात, त्यावर तो टिकत नाही.

छताचं गणित सोपं आहे. पाच फूट आठ इंचाच्या माणसाचे वर केलेले हात सव्वासात फुटांपर्यंत जातात, त्यावर प्लेटेचा अर्धा व्यास. पंख्याची पाती आठ फुटांवर असतील तर अर्ध्या फुटाचंही अंतर उरत नाही. खांद्याचा व्यायाम पंख्याखाली उभं राहून करू नका, बेंचवर बसून करा. मुद्गल फिरवायची हौस असेल तर ती फार चांगली हौस आहे, खांदे आणि मनगटं त्याने सुरेख तयार होतात. पण तालमीचं छत उंच असतं आणि आजूबाजूला टीव्ही नसतो. मुद्गल गच्चीवरच फिरवा.

बेंचवर लिहिलेल्या क्षमतेत तुमचं वजनही धरलेलं असतं. 150 किलोच्या बेंचवर 80 किलोचा माणूस 70 किलोच उचलू शकतो. एकटे असाल तर बेंचवर रॉडऐवजी डंबेल घ्या. दमलात तर ते बाजूला सोडता येतात, छातीवर अडकलेला रॉड सोडता येत नाही. रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करा आणि वजन उचलताना श्वास रोखू नका.

पोटाला गुंडाळायचे घामाचे आणि थरथरणारे पट्टे घेऊ नका. घाम म्हणजे पाणी, ते ग्लासभर प्यायलात की परत येतं. आणि चरबी एकाच जागेची ठरवून उतरत नाही.

व्यायामाच्या सायकलवर गुडघे दुखत असतील तर सीट बहुधा खाली आहे. टाच पॅडलवर ठेवून पाय सर्वांत खाली न्या, तेव्हा गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना तो किंचित वाकलेला राहतो.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जूनपासून लोखंड गंजायला लागतं. घाम पुसून कोरड्या फडक्याने रॉड पुसा आणि पंधरवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. गंज धरलाच तर तारेच्या ब्रशने घासून मग तेल लावा. रबरी बँड उन्हात वाळत घालू नका. ताणल्यावर पांढुरक्या रेषा किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो फेकून द्या, तुटलेला बँड थेट डोळ्यावर येतो.

घरात लहान मूल असेल तर डंबेल जमिनीलगतच्या स्टँडवर ठेवा, टेबलावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर नको. ट्रेडमिलच्या मागच्या रोलरपाशी लहान बोटं पट्ट्याखाली ओढली जातात. म्हणून व्यायाम झाला की तिची लाल सेफ्टी चावी काढा, प्लग बंद करा आणि चावी मुलाचा हात पोचणार नाही अशा खिळ्याला अडकवा.